बांधाशी संपणारा रस्ता

आठ एकरांचं शेत आहे, हमरस्त्याला लागून. वडील गेले, चार भाऊ वाटणीला बसले. नगर तालुक्यात किंवा राहुरी-श्रीरामपूरकडे अशी वाटणी ज्याने पाहिली आहे, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. प्रत्येक भाऊ एकच गोष्ट मागतो : रस्त्याला तोंड. मागचं शेत कुणालाच नको. पुढच्याने उद्या वाट अडवली तर बैल, ट्रॅक्टर, उसाची गाडी आत न्यायची कुठून? म्हणून शेत आडवं तोडत नाहीत, उभं चिरतात. रस्त्याकडे शंभर फूट रुंद आणि आत आठशे सत्तर फूट खोल, अशा दोन-दोन एकरांच्या चार पट्ट्या पडतात. ही वाटणी न्यायाची आहे. शेतीच करायची असेल तर तिच्यात काही खोट नाही.

वीस वर्षांनी शहर त्या शेतापर्यंत येतं. थोरला भाऊ आपली पट्टी आधी विकतो. तिचा बिगरशेती लेआउट होतो : मधोमध तीस फुटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट. रस्ता हमरस्त्यावरून निघतो आणि मागच्या बांधाशी संपतो. पाच-सात वर्षांनी दुसऱ्या पट्टीत तसाच लेआउट होतो, पुढे तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीतही तसाच. वरून पाहिलं तर फणी दिसते. हमरस्ता हा तिचा कणा, आणि चार रस्ते म्हणजे चार दात, एकमेकांना कुठेच न मिळणारे.

आता थोडा हिशेब करू. पहिल्या पट्टीच्या मागच्या टोकाला राहणाऱ्या बाईंना शेजारच्या पट्टीच्या मागच्या टोकाला जायचं आहे. एका रस्त्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर शंभर फूट. पण मध्ये प्लॉट आहेत, भिंत आहे. म्हणून आठशे सत्तर फूट हमरस्त्यापर्यंत, मग शंभर फूट हमरस्त्यावरून, मग पुन्हा आठशे सत्तर फूट आत. एकूण अठराशे चाळीस फूट. शंभर फुटांसाठी अठरा पट पायपीट, आणि तीही ट्रक धावतात त्या रस्त्यावरून.

हे टाळायला किती जमीन लागली असती? दोन एकरांच्या पट्टीत तीस फुटांचे दोन आडवे रस्ते काढले असते, तर मधला रस्ता वजा जाता उरलेल्या सत्तर फुटांच्या रुंदीतून बेचाळीसशे चौरस फूट गेले असते. म्हणजे ऐंशी गुंठ्यांतले चार गुंठेही नाहीत, पाच टक्क्यांच्या आत. गाडीचा रस्ता नको, नुसती सहा फुटांची पायवाट हवी असं म्हटलं असतं, तर एक गुंठासुद्धा गेला नसता. एका गुंठ्याच्या आतल्या जमिनीसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद करून टाकली.

शहराचा आकार विकास आराखड्याच्या मोठ्या कागदावर ठरतो असं आपण समजतो. उड्डाणपूल आणि बाह्यवळण रस्ते तो ठरवतात असंही समजतो. माझं म्हणणं वेगळं आहे. शहराचा आकार सातबाऱ्याच्या बांधावर ठरतो, एकेका लेआउटच्या मंजुरीच्या दिवशी. त्या दिवशी शेजारच्या जमिनीकडे रस्ता काढला नाही, तर तो पुढे जवळजवळ कधीच निघत नाही. घर पाडून पुन्हा बांधता येतं, गटार बदलता येतं, नळाची लाइन नव्याने टाकता येते. रस्त्याची रेघ मात्र एकदा पडली की दोन्ही बाजूंनी मालकी हक्क उभे राहतात, आणि शे-दोनशे मालकांना एकाच वेळी मागे सरकवणं कुणाच्या हातात राहत नाही.

नगरच्या जुन्या शहरात माळीवाडा वेशीपासून दिल्ली दरवाजापर्यंत चालत जा. ही दोन दारं अजून उभी आहेत. मधल्या शहराला निजामशाहीपासूनचा, पाच शतकांहून अधिक इतिहास आहे. कापड बाजारातून जा, माणिक चौकाकडून जा, नाही तर गल्लीबोळांतून जा. एकीकडे मिरवणूक लागली तर दुसरीकडून वाट आहे. गल्ली अरुंद आहे, गर्दी आहे, गाडी लावायला जागा नाही, हे सगळं खरं. जुन्या शहरात बंद बोळही आहेत. वाड्यामागचा बोळ वाड्याशीच संपतो. पण तो बोळ पन्नास पावलांचा असतो, आठशे सत्तर फुटांचा नसतो. चौकांची नावं पाहा : लक्ष्मी कारंजा, चौपाटी कारंजा, बारातोटी कारंजा. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात आणलं होतं, त्याची ही आठवण. पाण्याच्या जागेला घागर डोक्यावर घेऊन पोचायचं असतं, म्हणून तिथे चहूकडून वाटा याव्या लागतात. पायी चालणाऱ्या माणसाने घडवलेलं शहर असं जोडलेलं असतं, कारण न जोडण्याची किंमत त्याला रोज स्वतःच्या पायांनी मोजावी लागते.

वेशीबाहेरचं नगर वेगळ्या परिस्थितीत वाढलं. पूर्वेला भुईकोट किल्ला आणि लष्कराची भिंगार छावणी. पश्चिमेला सीना. शिवाय दौंड-मनमाड रेल्वे. म्हणून शहराने पसरायला रस्ते पकडले. उत्तरेला मनमाड रस्त्याने सावेडी आणि पुढे नागापूरची एमआयडीसी, दक्षिणेला पुणे रस्त्याने केडगाव, आणि उरलेल्या दिशांना कल्याण, दौंड, सोलापूर, पाथर्डी, संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने वस्त्या. सावेडीत भिस्तबाग हे नाव निजामशाहीतल्या बागेचं आहे. आज तिथे लेआउटमागे लेआउट आहेत. पाईपलाईन रोड, गुलमोहर रोड, तपोवन रोड ही नावं नगरकराला तोंडपाठ आहेत, कारण कुठेही जायचं तर याच चार-दोन रस्त्यांवर यावं लागतं. आतल्या कॉलन्या शांत आहेत, झाडं आहेत, घरं देखणी आहेत. पण एका कॉलनीतून दुसरीत जायला बाहेर मोठ्या रस्त्यावर यायचं, वळायचं आणि पुन्हा आत शिरायचं. दूध आणायला, शिकवणीला, दवाखान्यात, सगळ्या फेऱ्या एकाच कण्यावर पडतात. मग आपण म्हणतो, रस्ता अपुरा पडतो, रुंद करा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नगरच्या उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं. शहराने त्याची फार वर्षं वाट पाहिली होती आणि त्याचा उपयोगही झाला. पुण्याकडून संभाजीनगरकडे जाणारी जड वाहनं वरून जातात. पण पूल फक्त शहर पार करणाऱ्या वाहनाला मदत करतो. शाळेत जाणाऱ्या सायकलला तो काही देऊ शकत नाही. तिचा प्रश्न दीड-दोनशे मीटरचा आहे, आणि तो सुटायचा तर एका भिंतीत सहा फुटांची फट हवी.

हे दुखणं एकट्या नगरचं नाही. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी जगभरच्या रस्त्यांच्या नकाशांवरून ते मोजलं आहे. चौकाला किती वाटा मिळतात, किती रस्ते बंद टोकाशी संपतात, दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर आणि चालायचं अंतर यांत किती फरक पडतो, हे त्यांनी पाहिलं. आधी अमेरिकेचा शतकभराचा अभ्यास २०१५ मध्ये आणि मग १९७५ पासूनचा जगाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत नव्या वस्त्यांमधली ही तुटलेपणाची लाट १९९० च्या दशकाच्या मध्याला शिगेला पोचली आणि मग ओसरू लागली. त्याच काळात जगाच्या मोठ्या भागात, विशेषतः आग्नेय आशियात, ती वाढत गेली. ज्यांनी ही चूक आधी केली ते मागे फिरू लागले आहेत, आणि आपल्या बाजूचं जग तिकडे निघालं आहे. लॅटिन अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, युरोपचा बराच भाग आणि उत्तर आफ्रिका मात्र या काळातही तुलनेने जोडलेले राहिले.

जोडलेले राहिले ते श्रीमंतीमुळे नाही. लॅटिन अमेरिकेतल्या शहरांचे काटकोनी चौक मुख्यतः स्पेनच्या राजवटीतून आले. दुसऱ्या फिलिपच्या १५७३ च्या आज्ञापत्रात नवं गाव कसं आखायचं ते सांगितलेलं होतं. बार्सिलोनाच्या तटाबाहेर इल्देफोन्स सेर्दाने १८५९ मध्ये चौकटी आखल्या, आणि घरं नंतर त्या चौकटीत वाढली. आधी वाट, मग घर, हा क्रम त्यांनी पाळला. आपण आधी प्लॉट विकतो आणि उरेल त्याला रस्ता म्हणतो.

अमेरिकेची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. न्यू जर्सीतल्या रॅडबर्न या वस्तीत १९२९ च्या सुमारास क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी बंद टोकाचे रस्ते मुद्दाम आखले, मुलं मोटारींपासून सुरक्षित राहावीत म्हणून. पण घरांच्या मागून त्यांनी बाग आणि पायवाटांचं सलग जाळं दिलं होतं, रस्त्याखालून जाणारी पायवाटही होती. मोटार अडत होती, माणूस अडत नव्हता. पुढे सरकारी गृहकर्ज यंत्रणेने बंद टोकाच्या रस्त्यांची शिफारस केली आणि देशभर त्यांची नक्कल झाली. नकलेत बंद टोक उचललं गेलं, पायवाट गळाली. आपल्याकडेही तेच झालं आहे. गेटवर रखवालदार आणि कंपाउंडवर काचा येतात, पायवाट येत नाही.

बंद रस्त्याचं समर्थन करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. कॉलनीतून भरधाव दुचाक्या जायला लागल्या की मुलांना अंगणाबाहेर सोडवत नाही. चोऱ्यांची भीती असते. ज्याने आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेतला, त्याला आपल्या दारावरून परक्यांची ये-जा नको वाटली तर त्यात गैर नाही. पण या भीतीवर उपाय रॅडबर्नने दाखवला होता आणि नेदरलँड्समधल्या हाउटन या गावाने तो पुरा करून दाखवला. तिथे मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्याने जावं लागतं. पायी आणि सायकलने मात्र सरळ जाता येतं. आडव्या रस्त्याच्या तोंडाशी दोन खांब रोवा. सायकल, व्हीलचेअर, म्हातारं माणूस जाईल. मोटार जाणार नाही. राहता राहिली चोरीची गोष्ट. ज्या वाटेने दिवसभर ओळखीची माणसं जातात तिथे डोळे असतात. भिंतीमागच्या अंधाऱ्या टोकाला ते नसतात.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. त्याची पट्टी आधीच शंभर फुटांची. त्यातून मधला रस्ता गेला, मोकळी जागा सोडायची, आता आडवे रस्तेही? शिवाय शेजाऱ्याने सोडलंच नाही तर माझा रस्ता त्याच्या बांधाला जाऊन थडकणार. हे म्हणणं बरोबर आहे. एकट्याला जोडणी परवडत नाही. जोडणी सगळ्यांनी मिळूनच करायची गोष्ट आहे. म्हणूनच हा प्रश्न एकेका लेआउटला सोडवता येत नाही.

आणि याचं उत्तर आपल्याच घरात पडून आहे. फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या नावाने ओळखला जाणारा १९०२ चा जर्मन कायदा म्हणतो, की अनेकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करा, त्यातून रस्त्यांची आणि सार्वजनिक जागांची जमीन काढा, आणि उरलेली चांगल्या आकारात ज्याची त्याला परत द्या. हाच विचार घेऊन १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा झाला. जपानची शहरंही मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने वाढली. मुंबईत विलेपार्ले, सांताक्रूझ, पुण्यात तेव्हाचं भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर, हे सगळे भाग नगररचना योजनांचे. तिथे आजही एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाता येतं. योजनेत प्रत्येकाची थोडी जमीन जाते, पण प्रत्येकाला रस्त्याला तोंड मिळतं. चार भावांनी वाटणीच्या दिवशी जे मागितलं होतं, नेमकं तेच.

१९६० मध्ये राज्याची दोन राज्यं झाली, महाराष्ट्र आणि गुजरात. गुजरातने ही पद्धत चालू ठेवली. अहमदाबादभोवतीच्या वळणरस्त्याची जमीन मोठ्या प्रमाणात अशाच योजनांतून आली, आणि २००१ च्या भूकंपानंतर भूजच्या जुन्या तटबंदीतल्या बंद गल्ल्या याच मार्गाने मोकळ्या झाल्या. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही या योजनांचं प्रकरण आहे. पण आपण दीर्घकाळ भर दिला तो आराखड्यावर रस्ता रेखून भूसंपादनाची वाट पाहण्यावर. आराखड्यातली ती रेघ जमिनीवर उतरायला पैसे लागतात, पैसे नसतात, दहा वर्षं उलटतात, आणि त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमाने मालक आरक्षण सोडवून घेण्याची नोटीस देऊ शकतो. मालकाचा यात दोष नाही. दहा वर्षं स्वतःच्या जमिनीवर नुसतं बसून राहायला त्याला कुणी सांगावं? पण रस्ता मात्र जातो. शेतकरी एकत्र आले तर काय होतं ते पुण्याच्या मगरपट्ट्यात दिसलं : सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी चारशेच्या आसपास एकर जमीन एकत्र केली.

आपल्या खेड्यांनाही जमीन एकत्र करण्याची कल्पना परकी नाही. आज सातबाऱ्यावर दिसणारा गट नंबर आला कुठून? १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यातून. चार ठिकाणी विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले गेले. त्या योजनेत चुका झाल्या, त्यांचे वाद अजून महसूल कचेऱ्यांत चालू आहेत. तरीही जमिनीच्या रेषा नव्याने आखता येतात, हे आपण एकदा करून पाहिलं आहे.

त्याहून जुना ठेवा म्हणजे गावनकाशा. तलाठ्याकडचा नकाशा उघडा. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. शिवाय दोन गावांच्या शिवेवरून जाणारे शिवरस्ते, आणि पाणंदी. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, नागापूर ही एकेकाळची स्वतंत्र गावं. त्यांच्या नकाशांवर या तुटक रेषांचं जाळं होतं. शहर वाढताना तेच जाळं मुख्य गल्ल्यांचं व्हायला हवं होतं. जमीन सार्वजनिक, वहिवाट जुनी, संपादनाचा खर्च नाही. पण शेती थांबली की पाणंदीवरून बैल जायचे थांबले, बाभळी वाढल्या, आणि दोन्ही बाजूंच्या लेआउटांनी ती थोडी थोडी आत घेतली. खेड्यात पाणंद अडवली तर माणूस तहसीलदाराकडे जातो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज करतो, बांधावरून वाट मागायची तर जमीन महसूल संहितेचं १४३ वं कलम आहे. तीच पाणंद शहराच्या हद्दीत बुजली तर तिच्यासाठी भांडायला कुणी उरत नाही.

ही गोष्ट जिल्ह्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी दिसते. उत्तरेत, १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांखालच्या भागात, पाणी शेतात आलं तशी माणसंही गावठाण सोडून शेतात राहायला गेली. प्रवरेच्या दोन्ही अंगांना, लोणी, राहाता, श्रीरामपूरकडे वस्ती पाटाच्या आणि चाऱ्यांच्या कडेने पसरली. चारीचा रस्ता पाणी जाईल तिकडे जातो, माणसाला जायचं आहे तिकडे जातोच असं नाही. दक्षिणेत जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे पाणी कमी, म्हणून गावं अजून गावठाणाला धरून आहेत. हमरस्त्यालगतच्या जमिनीचे भाव वाढतील तशी तिथेही उभी चिरलेली पट्टी येईल. जिथे ती अजून आलेली नाही, तिथे आपल्या हातात वेळ आहे.

वेळ थोडा आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आधी झालेल्या अनधिकृत गुंठ्यांना नियमात घेतलं, पुढे ती मुदत वाढवली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात शहरी भागासाठी तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा झाली. गुंठा-दोन गुंठ्यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांची मालकी त्यामुळे पक्की होईल आणि ती व्हायलाच हवी. मला काळजी आहे ती एवढीच, की मालकीसोबत भिंतीही पक्क्या होतील. गुंठा नियमात घेताना त्याच अर्जावर, त्याच मोजणीत, वाट कुठून निघणार ते लिहून घेतलं पाहिजे. शेजारच्या जमिनीला जोडणारा रस्ता सोडायला सांगण्याचा अधिकार लेआउट मंजूर करणाऱ्या प्राधिकरणाला आजही आहे. तो ‘सांगू शकेल’ असा न ठेवता ‘सांगेलच’ असा करायला हवा : इतक्या फुटांवर एक जोडरस्ता किंवा किमान एक पायवाट, थेट बांधापर्यंत, आणि बांधाच्या पलीकडे जेव्हा लेआउट होईल तेव्हा त्याच रेषेत पुढे. नगरच्या हद्दीतल्या प्रत्येक जुन्या गावाचा नकाशा आजच्या शहराच्या नकाशावर ठेवून पाणंदी आणि शिवरस्ते लाल रेघेने दाखवले पाहिजेत, आणि ते कागद वाचनालयात, वॉर्ड कचेरीत, शाळेत लोकांना पाहायला मिळाले पाहिजेत. आणि बाह्यवळण रस्त्याच्या आत जी शेतं अजून शेतं आहेत, तिथे पहिला लेआउट मंजूर होण्याआधी नगररचना योजना झाली पाहिजे. चौघा भावांपैकी पहिल्याने विकण्याआधी.

आमच्या आत्या सावेडीत अशाच एका फणीच्या दाताच्या टोकाला राहतात. त्यांची मैत्रीण भिंतीपलीकडे राहते. त्या दोघींनी एक वर्ष मंगळागौरीची तयारी मिळून केली, ताटं भिंतीवरून एकमेकींच्या हाती देत. मध्ये कुणीतरी भिंतीच्या बऱ्याच विटा काढल्या होत्या, वाकून पलीकडे जाता यायचं. दोन्हीकडची मुलं सायकली तिरक्या करून त्यातून काढायची, कामाला येणाऱ्या बायकांचा अर्धा तास वाचायचा. मग कॉलनीच्या बैठकीत विषय निघाला आणि सिमेंट लावून ते भगदाड बुजवलं. आत्या आता रिक्षाने जातात, महिन्यातून एकदा. भिंतीवर त्या विटांची जागा अजून ओळखू येते. तिथलं सिमेंट बाकीच्या भिंतीपेक्षा फिकं आहे.